पाण्याचा आवाज पुसायचा न्हाय

मी, इरम रशीद शिकलगार, वय एकोणीस, राहणार कोल्हापूर. डोकं ठिकाणावर हाय, कुणी धाक दाखवल्याला न्हाय, माझ्या मनानं हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी काळजाच्या झडपेचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणले घाबरू नको. घाबरून लिहीत न्हाय. मी चारचौघांत बोलत न्हाय म्हणून माझ्या वतीनं सगळेच बोलत्यात, ते ह्या कामात नको.

१. माझी मिळकत म्हंजे माझा अल्बम. नुसती बासरी आणि पाणी. रंकाळा, शाहूवाडीतला वढा, कुरुंदवाडचा संगम. शब्द न्हाईत. नववीत वाचायला उभं केलं की माझं तोंड उघडायचं न्हाय, पोरं हसायची, म्हणून शाळा सोडली. बासरीला कोण हसलं न्हाय.

२. अल्बम भावाच्या, रिजवानभाईच्या ताब्यात. नेटवर सोडायचं त्यालाच जमतं. पण अट हाय. भाई डॉल्बी चालवतो, जरा सूं सूं ऐकू आलं की ते पुसायला त्याचे हात शिवशिवत्यात. संगमाचा ट्रॅक त्यानं मला न विचारता साफ केला.
"बघ, सगळी घाण काढली! कसं कडक वाजतंय!"
"भाई, ते पाणी हुतं."
"आगं मग आधी सांगायचं की!"
नावाडी कृष्णातमामांनी मला परत नावेतनं संगमावर नेलं, वल्हं उचलून गप बसले, तवा पाणी पुन्हा मिळालं. म्हणून भाईनं काय पुसायचं न्हाय, खाली बीट टाकायचा न्हाय.

३. बासऱ्या शेजारच्या मोनाला. फुंकताना थुंकी उडती म्हणून तिच्या आईनं वरडू नये.

४. नववीच्या बाईंना लिंक पाठवावी. त्यांनी उभं राहून, काय ऐकलं ते मोठ्यानं सांगावं.

५. हेडफोन अम्मीला. "पाणी काय ऐकायचं? नळाला आलंय ते भर आधी," म्हणती. एकदा बसून ऐकावं.

६. शेवटचा ट्रॅक आमच्याच नळाचा, अम्मी हंडा भरताना. त्यावर बासरी वाजवायची राहिली, दम पुरत न्हाय. दुसऱ्या कुणाकडनं वाजवून घेऊ नये. भाई म्हणतो, लोकांना वाटंल बिघडलाय. वाटू दे. मी घरी आले तर हा कागद फाडीन आणि स्वतः वाजवीन. न्हाय आले, तर नुसतं पाणी वाजू दे. अम्मी नळ बंद करती, तिथं अल्बम संपतो.

सही: इरम रशीद शिकलगार
साक्षीदार: कृष्णात आंबी, नावाडी, कुरुंदवाड
साक्षीदार: वर्षाराणी सुतार, मोनाची आई (वरडणार न्हाय, कबूल. पण तूच येऊन शिकीव.)
कोल्हापूर, शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५