पाण्याने नेलेला कण

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी केलेला एक खोटेपणा कबूल करायला बसले आहे. किला गेटजवळून आणलेल्या वालुकाश्माचा तुकडा मी तुमच्या भूशास्त्राच्या वर्गात काचेवर चिकटवून घासत होते, उजेड आरपार जाईल इतका पातळ. घाई करू नकोस, असं तुम्ही बजावलं होतं. पण मी मेली उतावळी! जोर दिला आणि एक कण निसटून पाण्याबरोबर मोरीत गेला, त्याच्या जागी भोक उरलं. पुन्हा घासायचा कंटाळा आला, म्हणून तीच काच सुकवून तुमच्यापुढे ठेवली.

तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता आणि उठतच नाही. मग सगळ्या वर्गाला बोलावता. "देखो, यहाँ से पानी गुज़रा है." त्या भोकाच्या जागी म्हणे फेल्डस्पार या खनिजाचा कण होता. जमिनीत खूप खोल, कोमट पाणी युगानुयुगं वाळूतून झिरपत राहिलं. त्याने तो कण हळूहळू विरघळवला, थोड्याची चिकणमाती केली आणि उरलेलं पुढे नेऊन दुसऱ्याच कणांना सांधलं. ऐकता ऐकता मलाही तो काळोख, ते पाणी दिसायला लागलं, आणि भोक मीच पाडलंय हे क्षणभर विसरले. संध्याकाळी नया बाजारातल्या तुमच्या स्वयंपाकघरात पोहे वाढताना तुम्ही माठावर चढलेली पांढरी पुटं दाखवलीत. म्हणालात, पाणी रिकाम्या हाताने कुठे जात नाही गं. पुढे तुमच्या एका सहकाऱ्यांनी हसून शंका काढली, की हे भोक घासताना पडलं असेल. तुम्ही ताडकन म्हणालात, "माझ्या मुलीचा हात साफ आहे." मी शेजारीच उभी होते.

आता तुमच्याच खोलीत मी शिकवते. मागच्या आठवड्यात कपाटात त्याच दगडाचा उरलेला तुकडा सापडला, शेजारी ती जुनी काचही. या वेळी आधी त्यात निळी राळ मुरवली. दगडातली मूळची पोकळी निळी होते, घासताना पडलेली कोरी राहते. दोन दिवस सावकाश घासला. डोळा लावला तर कणांच्या आकाराची निळीच निळी तळी, कडेला मातीची पिवळट साय. किती वेळ बघत होते कोण जाणे. तुमचं बरोबर होतं, बाई. पाणी तिथून खरंच गेलं होतं.

खरं सांगू? तुमच्यासाठी आनंद नंतर झाला. आधी वाटलं, हुश्श, सुटले. ती जुनी काच फोडून टाकावी म्हणून दोनदा हातात घेतली, दोनदा परत ठेवली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात माझं नाव आहे, आणि ते मला हवं आहे.