औषधवहीतली फुलपाखरं

मात्सुमोतो, १४ जुलै, मंगळवार.

सकाळपासून पाऊस. हाडांच्या दवाखान्यात जाऊन आले. दुपारी थंड सोबा शेवया केल्या, थोड्या उरल्या.

एइसाकु भाऊजींना तोमिए वहिनीचा नमस्कार. या दमट हवेत तुमचा दमा कसा आहे? सुमिकोची पाठ? नागोयात उकाडा आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा पाणी भरपूर पीत जा. (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं असेल, तर हे वाक्य सोडून द्या.)

मी बरी आहे. म्हणजे पाच दवाखाने मिळून बरी आहे. रक्तदाबवाले म्हणतात, चालत जा. गुडघेवाले म्हणतात, चालू नका. हाडांच्या बाई उन्हात बसायला सांगतात आणि डोळ्यांचे डॉक्टर उन्हाकडे बघूसुद्धा नका म्हणतात. साखरवाले कमी बोलतात, फक्त माझ्या पोटाकडे बघतात. मी सकाळी मोठी टोपी घालून व्हरांड्यात बसते आणि बसल्या बसल्या पाय हलवते. कोणाचंच मन मोडत नाही.

हे जाऊन पाच महिने झाले. तुमच्या दादांचं फुलपाखरांचं वेड तुम्हाला माहीत आहेच. दर जुलैत स्वच्छ दिवस बघून गुलाबी काठाची ती पिवळी फुलपाखरं मोजायला डोंगरावर जायचे, एकतीस वर्षं. सुरुवातीला ती रोपवेच्या खालच्या कुरणातच दिसायची. मग खाली गरम होत गेलं, तशी ती वर सरकली आणि हे त्यांच्यामागे. शेवटची काही वर्षं पार वरच्या झोपडीपर्यंत चढावं लागे. (गुडघे दोघांचे होते, कुरकुर माझीच असायची.) मोजणी कुठे लिहायची, तर औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या नोंदीसाठी फुकट मिळतात त्या औषधवह्यांत. शर्टाच्या खिशात बसते, म्हणून. त्यांच्या वहीवर ससा, माझ्याही वहीवर ससा. पुढे जे झालं ते सशामुळे झालं.

जूनमध्ये मोजणी मंडळाच्या निवा गुरुजींनी जुन्या वह्या नकलून घ्यायला मागितल्या. मी सात वह्या पाकिटात घालून पाठवल्या. दोन दिवसांनी औषधं आणायला गेले. दुकानातल्या मारुयामाबाईंनी माझी वही उघडली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मागे रांग होती म्हणून हळूच विचारलं, "मोमोसे आजी, हे 'नर चार, मादी एक, नंतर धुक्यामुळे बंद' कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलंय?" मागून टोफूवाले ओगुची म्हणाले, "मलाही तेच द्या. माझं तर कधीचंच धुक्यामुळे बंद आहे."

त्याच संध्याकाळी निवा गुरुजींचा फोन आला. आवाज कापत होता. "वहिनी, ही शेवटची वही विलक्षण आहे. सकाळी दोन, दुपारी एक, झोपण्यापूर्वी एक. हे फुलपाखरू रात्री उडतं?" म्हटलं, ती माझी रक्तदाबाची गोळी आहे. मग म्हणाले, "तरीच. बाकी सगळीकडे आकडे घटतायत आणि इथेच कसे टिकून आहेत, म्हटलं." त्यांनी ती वही आणखी दोघांना दाखवली होती म्हणे.

फोन ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं की यंदा जुलै संपायच्या आत कोणी वर गेलं नाही, तर तुमच्या दादांची मोजणीची वाट यादीतून निघेल. मध्ये एक वर्ष गेलं तर पुढच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मंडळात दुसरं चढणारं कोणी नाही. सगळे आमच्याच वयाचे. मी बघते म्हणाले.

बाकी ठीक. ऑगस्टात ओबोनला, पितरांच्या सणाला, याल तेव्हा बोलूच. यांचा पहिलाच ओबोन आहे, भिक्षूंना सांगून ठेवलंय.

तोमिए

ता. क. : ओबोनऐवजी पंचवीस तारखेलाच याल का? माझा डावा डोळा गेल्यातच जमा आहे, तुमचा उजवा. दोघं मिळून मोजणीला पुरेसे आहोत. रोपवेनंतर चाळीस मिनिटांची चढण आहे, आपल्याला दोन तास धरा. सुमिकोला फक्त "वहिनीला मदत" एवढंच सांगा.

ता. क. दुसरा, रविवार : पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी आभाळ एकदम मोकळं झालं आणि मी गेले. कोणत्याच डॉक्टरांना विचारलं नाही. साडेअकराला झोपडीपाशी पोचले, दीडपर्यंत बसले. एकही दिसलं नाही. दिसलं नाही तर शून्य लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही, हा यांचा नियम. लिहिलं. एकतीस वर्षांत शून्य कधीच नव्हतं. बरं झालं यांना बघावं लागलं नाही, असं वाटलं, आणि तसं वाटलं याचं वाईट वाटलं. निवा गुरुजी म्हणतात, शून्य हीसुद्धा नोंद आहे, वाट राहिली. महिनाअखेरपर्यंत दुसऱ्यांदा मोजलेलंही चालतं.

म्हणजे आता तुम्ही नाही आलात तरी काही अडत नाही. तरी या. माझा डावा डोळा ज्या बाजूला होता, तिकडे मला नीट बघता आलं नाही.

बुटांवरचा चिखल वाळलाय. पायरीवर बसून काडीने काढून टाकते.