फळीवरचे कप

१२ मार्च १९९६
आज परत ट्रकवाल्यांची डोकी फुटली. एकाने आपला कप गुपचूप पुढे सरकवला, दुसऱ्याने बघितलं, आणि निघाला टायरचा पाना. मी उकळत्या चहाचं पातेलं उचललं. म्हटलं, "यल्ला, बाहर! नहीं तो डालता हूँ." वर मराठीतही सांगितलं, परत माझ्या कॅफेटेरियात हात उचललात तर दात घशात घालीन. बरोब्बर समजलं त्यांना.

या उन्हात ट्रक रांगेत कोण उभे करणार? सावली मिळेल तिथे लावतात. रांग माझ्या फळीवर. आला की आपल्या टिनच्या कपात चहा घ्यायचा, अर्धा प्यायचा, उरलेल्यासकट कप फळीवर. पहिल्या कपाचा ट्रक खडीच्या खाणीत पहिला भरणार. जो उशिरा भरेल त्याची दुबईची खेप बुडाली. म्हणून पाने.

नाका वाढतोय मात्र. न्हावी आला, टायरवाला आला, आता टेलिफोनचा डबासुद्धा. मी आलो तेव्हा इथे डोंगर आणि माझा स्टोव्ह, बस.

बायकोचा, रोझीचा, व्हिसा झाला. वसईला फोन केला तर रडायलाच लागली. वेडी.

५ एप्रिल
रोझी काल आली. नाका बघून म्हणाली, "अहो, हे दुबई?" म्हटलं, हबीबी, दुबई या डोंगरातूनच जाते, ट्रक भरभरून. झरीन नावाचा पठाण ड्रायव्हर आहे, हसरा पोरगा. त्याने रो.साठी खजूर आणले. भाभी भाभी करत होता.

६ एप्रिल
अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी गॅस आणायला गेलो. आलो तर फळी रिकामी. सगळे कप टोपलीत पालथे, लखलखीत. रो. म्हणाली, "उद्या ईस्टर, आणि ही घाण? माश्या बसल्या होत्या हो." म्हणजे रांगच पुसली गेली.

तेवढ्यात खाणीचा भोंगा. पहला मैं, पहला मैं. मग पाने, दगड, साखळ्या. धुळीत कोण कुणाला मारतंय तेच दिसेना. धूळ बसली तेव्हा झरीन माझ्या पायरीवर पडलेला, डोकं फुटलेलं. पिठाची रिकामी गोणी दाबून धरली. भिजली लगेच.

रो.ला मागच्या खोलीत ढकलून कुलूप घातलं. बाहेर सगळे ओरडतायत, "कप किसने धोया?" म्हटलं, मैंने. माझा पुढचा दात गेला. बरगडीचंही काहीतरी झालंय.

९ एप्रिल
झरीन गेला.

त्याचा मोठा भाऊ अकबर आला. हाही इथलाच ड्रायव्हर, त्या दिवशी दुबईत खडी उतरवत होता. टोपलीतून झरीनचा निळा कप शोधून काढला. चहा मागितला, अर्धा प्यायला, कप फळीवर ठेवला. "इसको अब पानी नहीं लगेगा. और जिसने धोया, उसको मैं ढूँढ लूँगा."
म्हटलं, मैंने धोया.
माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिला. "तू तो अपना कप भी नहीं धोता."

रो. म्हणते सांगून टाकते. म्हटलं, तोंड उघडलंस तर याद राख. तिच्यावर पहिल्यांदाच एवढा ओरडलो.

१७ ऑक्टो. १९९८
धंदा तुफान. आमची पोरगी लीना चालायला लागली, ट्रकवाले तिला फुगे आणतात.

नव्या वेटरने फळी पुसताना निळ्या कपाला ओलं फडकं लावलं. अकबरने त्याचा हात काउंटरच्या कडेवर ठेवला आणि बोटं मोडली. आवाज आला. मग शांतपणे चहा मागितला, त्याच कपात. आतून कप काळा पडलाय. रो. दारात उभी होती, लीना कडेवर.

रोज येतो मेला. रोज तिच्या हातचा चहा पितो.

२० फेब्रु. २००१
नवा रस्ता डोंगराच्या पलीकडून झाला, खाणही तिकडे सरकली. खडी परस्पर दुबईला. इथे उरले ते बिनकामाचे, म्हणजे एकमेकांचे गळे धरायला मोकळे. न्हाव्याची काच फोडली. काल टायरवाल्याचं दुकान पेटवलं, लोक बाकडी ओढून बघत बसले.

रो. म्हणते दुबईत अल कुसैसला जाऊ, तिथे तिची मावसबहीण आहे. म्हटलं, हा नाका मी उभा केला, कुणाच्या बापाला भीत नाही. म्हणाली, "मी भिते ना!"

अकबर येतोच. खेप असो नसो.

११ मे २००३
नाका पाडणारा बुलडोझर न्हाव्याच्या दुकानापर्यंत आला. भिंत पडली तेव्हा दगडफेक झाली, दोघांना पोलिसांनी नेलं. उद्या आमची पाळी. खलास. सामान बांधलं, अल कुसैसला खोली ठरली. एक दिवस, देवा, एकच दिवस राहिला होता.

दुपारी अकबर आला, रिकामा ट्रक घेऊन. फळीवर आता झरीनचा तो निळा कप तेवढा. आज चहा मागितला नाही. कप उचलून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि रो.च्या हातात दिला.
"भाभी, अब धो दो. जैसे उस दिन धोया था."

म्हणजे माहीत आहे त्याला. कधीपासून? एवढी वर्षं तिच्या हातचा चहा पीत होता तो!

आता बाहेर बाकावर बसलाय. पाना मांडीवर. मी पाव कापायची सुरी घेतली आहे आणि दुसऱ्या हाताने हे खरडतोय. लीना खिडकीत. "डॅडी, ही इज जस्ट सिटिंग देअर."

नळ कालच तोडला, प्यायचं एक कॅन शिल्लक आहे. रो. विचारते, "अहो, धुऊ का?"
तिने कॅन उघडलं.

पाण्याचा आवाज. अकबर उठला.