बापाचा रविवार

सूनबाई,

कोर्टाने नातं तोडलं तरी तोंडात हीच हाक येते, त्याला मी काय करू?

तुझा नवरा, होता तो, माझा दिवटा, बदली मागून दुसऱ्या शहरात गेला. म्हणाला, "आई, आता मला रविवारी पोरीला आणायला जमणार नाही." मी म्हटलं, "मग मी आणते." तर म्हणतो, "कागदावर बापाचं नाव आहे, आजीचं नाही." जजसाहेबांनी पोरीच्या सुट्ट्यासुद्धा वाटून दिल्या. म्हातारीचं काय, हे कोणी विचारलंच नाही.

काल रविवारी सकाळपासून दाराकडे बघत बसले होते. शेजारीण म्हणाली, "कोणी यायचंय का?" म्हटलं, "तुला काय करायचंय?"

पोर माझ्याकडे यायची ती पिंजारलेल्या केसांनी. पहिल्यांदा मी फणकारले, "तुझ्या आईचे हात झडले का गं?" तर म्हणाली, "आईच म्हणाली, केस राहू देत, आजी विंचरेल." मग मी फणीच हातात घेतली. एवढंसं डोकं, पण मी तासभर विंचरत बसायचे.

तुझ्याशी भांडताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत. मागताना मात्र जीभ रेटत नाही. माझ्या पोराने टाकलेला रविवार मला दे.

कागदाला नाही म्हणणं सोपं असतं, म्हणून हा धाडत नाही. रविवारी तुझ्या दारात मीच येऊन उभी राहते. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हण.

पोरीची आजी