दादाची रजा

दादा,

'सप्रेम' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा.

तुझी सॉफ्टवेअर कंपनी बुडाली आणि तू आमच्या कॉलेजात हंगामी शिक्षक म्हणून लागलास. पगाराचं टेबल माझं, आणि मी इथे कायम नोकरीत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तू मागितलेली भरपगारी रजा आज नामंजूर झाली. बोंब कुणाच्या नावाने मारणार? कॉलेजचं पगाराचं सॉफ्टवेअर तुझ्याच कंपनीने बनवलेलं आहे. हंगामी माणसाच्या नोकरीत मध्येच एका दिवसाचा खंड पाडायचा, म्हणजे रजेचा हक्क पुन्हा शून्यावर येतो, ही त्यातली शक्कलही तुझीच.

बाबा दवाखान्यात होते, तेव्हा मी तुझ्याच ऑफिसात हंगामी होते. रजा मागितली तर चारचौघांत म्हणालास, "नाती घरी ठेवून यायची." मी बिनपगारी बाबांच्या उशाशी बसले. परत आले तर माझ्या खुर्चीत दुसरीच.

आज प्राचार्य म्हणाले, "सख्खा भाऊ ना तुमचा? शिफारस करा, मी अपवाद करतो."

"नाती मी घरी ठेवून येते, सर."

हे पत्र तुला देणार नाही. रजा नाकारताना तुझं सॉफ्टवेअर तरी कुणाला कारण सांगतं?

वहिनीला मात्र सांगेन, काळजी करू नकोस म्हणून. दवाखान्यात तुझ्या उशाशी मीच बसेन. माझी रजा भरपगारी आहे.

घरी तुझीच,
धाकटी