सक्तीचे वीस तास

३ जुलै

अभ्यासक्रमाचा फतवा — दुसऱ्यांचं समुपदेशन करायचं तर आधी वीस तास स्वतः समोरच्या खुर्चीत बसा! सक्तीचा आत्मशोध. माझ्यात शोधण्यासारखं काय आहे? नवरा बरा, नोकरी बरी. आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं मी हसतमुखाने करते. हे चार मिनिटांत सांगून झालं. समोरच्या समुपदेशक बाईंचा तास पन्नास मिनिटांचा. उरलेली सेहेचाळीस मिनिटं मी त्यांच्या पडद्यांचं कौतुक केलं.

१० जुलै

दुसरा तास. पडदे संपले.

२३ जुलै

सरावासाठी जाते त्या समुपदेशन केंद्रावर माझ्याकडे एक छापखानेवाले येतात. वडील अंथरुणावर, करणारे हे एकटे. आज खाली मान घालून म्हणाले, "कधी कधी वाटतं, सुटले तर बरं." मी लगेच — "असं नका हो म्हणू! किती जीव आहे तुमचा त्यांच्यावर!" ते "हो, तेही आहेच" म्हणाले आणि वेळेआधीच उठले. काय छान सावरलं मी!

२५ जुलै

मार्गदर्शक सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. "त्यांचं तोंड का दाबलंस?" मी?! "तू त्यांची नाही, स्वतःची समजूत काढत होतीस." घ्या! शाबासकी मागायला गेले होते.

६ ऑगस्ट

छापखानेवाले सलग दोनदा आले नाहीत. फोन उचलत नाहीत. मनातलं बोलायला त्यांना तेवढी एकच जागा होती, ती मी बंद केली. लाज वाटते.

७ ऑगस्ट

बाईंना त्यांचंच सांगत होते. बाई म्हणाल्या, "आणि तुमच्या आईंचं?" तोंड उघडलं ते "माझा फार जीव आहे" म्हणायला. बाहेर पडलं — "मी थकलेय. हे कधी संपेल असं होतं." मग ढसाढसा रडले. आभाळ वगैरे कोसळलं नाही. बाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी, याच वेळी." एवढं मोठं पाप, आणि शिक्षा काय, तर पुढची तारीख!

२० ऑगस्ट

चिठ्ठी पाठवली होती. छापखानेवाले आले! म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. चुकलं माझं." ते पाऊण तास बोलले. मी नुसतं ऐकलं. याला एवढं शिक्षण लागतं!

२२ ऑगस्ट

आईची कूस बदलत होते. म्हणाली, "कंटाळलीस ना गं मला?"

"हो, आई."

"मीसुद्धा. पण तू सारखी हसतेस — मग बोलायचं कुणाशी?"