चौदा दिवसांची जागा

पिन्योन क्रीक कॅम्प, न्यू मेक्सिको
४ मे २०१४

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि टपालाचा गठ्ठा गावातल्या पोस्टात मिळाला. मला आता घर नाही, कागदोपत्री पत्ता तेवढा तुझा. विम्याचे नि टॅक्सचे कागद तुझ्या दारात येऊन पडतात आणि तू न कंटाळता पुढे धाडतेस. फोन केला असता, पण इथे रेंज नाही आणि तुला फोनवर ऐकू येत नाही. म्हणजे आपली जोडी पत्रांसाठीच जमलेली.

मला या कॅम्पवर राखणदारी मिळाली. ऑक्टोबरपर्यंत गाडीला जागा फुकट, वीज-पाणी फुकट. बदल्यात दोन संडास धुवायचे, शेकोट्यांतली राख काढायची, आल्यागेल्याची नोंद ठेवायची. तुझा भाऊ असता तर खूश झाला असता. घर विकून आम्ही आरव्हीत, या चाकांवरच्या घरात, राहायला निघालो तेव्हापासून ऑर्डेलने भाड्याची जागा म्हणून घेतली नाही. एक रात्र कॅसिनोच्या आवारात, एक दुकानाच्या पार्किंगमध्ये, मग सरकारी माळावर चौदा दिवस. चौदा भरले की उठायचं, असा नियमच आहे. म्हातारपणाच्या पासावर निम्म्या दरात मिळणारी जागासुद्धा त्याला महाग वाटायची. तेव्हा मी चिडायचे. तो जाऊन चौदा महिने झाले, आणि त्याच्याच युक्त्यांवर माझी पेन्शन महिनाभर पुरते.

शनिवार-रविवार माणसं येतात. सोमवारी सगळं ओस. गेल्या सोमवारी संडास धुताना मी मोठ्याने बोलत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तब्येत सांभाळ, पत्राला उशीर करू नकोस. माया असू दे.

तुझी वहिनी,
वर्ना


बेन्सन, मिनेसोटा
१४ मे २०१४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चाळीस वर्षं माझ्या भावाला मोजेसुद्धा जागच्या जागी ठेवायला लावणारी बाई आता परक्यांचे संडास धुते, हे वाचून मी हसले. नंतर भांडी घासताना हसू गेलं.

इथे बर्फ एकदाचं वितळलं. परसात रुबार्बचे आंबट देठ वर आलेत. चर्चच्या स्वयंपाकघरात या रविवारी माझी पाळी. शाळेत तीस वर्षं पोरांना जेवू घातलं तरी अजून मला साठ माणसांच्याच अंदाजाने शिजवता येतं. घरी ओव्हनमध्ये बटाटे-खिमा घालून केलेलं हॉटडिश चार दिवस एकटीच खाते. ऑर्डेलच्या कबरीचा दगड अजून बसवलेला नाही. कारागीर म्हणतो, जमीन जरा घट्ट होऊ दे.

दर पत्रात लिहिते तेच लिहिते. गॅरेजजवळचं झुडूप मी काढून टाकलंय. तुझी गाडी तिथे आरामात बसेल. भाडं नाही. संडास एकच आहे आणि तो मी धुते. तू म्हणतेस, गावातले लोक कीव करतात ते तुला सोसत नाही. अगं, कीव करायला तरी कुणी येतं ना?

रात्री दार नीट लाव. आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
मार्लिस


पिन्योन क्रीक
२८ मे २०१४

प्रिय मार्लिसवन्सं,
स. न. वि. वि. (वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम.)

कॅम्पवर एक गृहस्थ आलेत. हॉलिस नाव, ओक्लाहोमाचे. जन्मभर विहिरी खणल्या, आता छोट्या ट्रेलरमध्ये राहतात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एका पायाने लंगडतात. शनिवारी आले, म्हणजे नियमाने सहा जूनपर्यंत राहतील.

पहिल्या दिवशी माझा गॅसवरचा फ्रीज पेटत नव्हता. हॉलिसने जमिनीवर आडवं पडून नळीतलं कोळ्याचं जाळं काढलं. मी कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी हॉलिस स्वतःचा कप घेऊन आला. रोज सकाळी येतो. फार बोलत नाही. काल त्याने हिरव्या मिरच्या घालून घेवडा शिजवला होता, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर हॉलिस म्हणाला की पाणी काढण्यात त्याचा हात पहिल्यापासून चांगला आहे. मार्लिस, मी इतकी हसले की पोट दुखलं. शेवटचं कधी हसले होते ते आठवेना.

तो आज गावात चाललाय, हे पत्र तोच पोस्टात टाकेल आणि तुझं आलं असेल तर आणेल. माझं वीस मैलांचं पेट्रोल वाचलं.

रुबार्बचा मुरंबा घाल. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
वर्ना


बेन्सन
१ जून २०१४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात हॉलिस हे नाव चार वेळा आहे. मी मोजलं. ऑर्डेलचं एकदाही नाही.

तू मोठी, मी काय सांगणार? पण माझ्या भावाच्या कबरीवर अजून दगड नाही, आणि तू परक्या माणसाच्या हातचा घेवडा खाऊन पोट दुखेपर्यंत हसतेस. ज्या गाडीत ऑर्डेल झोपायचा तिच्या दाराशी हा माणूस रोज कप घेऊन उभा राहतो. तुला काही वाटत नसेल, मला वाटतं.

दगडावर तुझंही नाव कोरायचं, शेजारी जागा सोडायची, असं आपलं ठरलं होतं. कारागीर विचारतोय. काय सांगू ते कळव.

मार्लिस


पिन्योन क्रीक
१२ जून २०१४

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पाच तारखेला हॉलिसनेच पोस्टातून आणून माझ्या हातात दिलं. मी वाचत होते तेव्हा तो समोर बसला होता. काही वाईट बातमी का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे चौदा भरले. पाय सुजला होता, गाडी चालवण्याआधी आणखी तीन-चार दिवस थांबता आलं तर बरं होईल, असं त्याने विचारलं. वनखात्याचा रेंजर तपासणीला फक्त गुरुवारी येतो. बाकीच्या कॅम्पांवर राखणदार अशा वेळी काणाडोळा करतात. मी म्हणाले, नियम तो नियम. आणि मीही महिनाअखेर माझ्या नणंदेकडे मिनेसोटाला कायमची जाणार आहे, अशी थापही मारली. त्याने टोपी घातली, कॉफीबद्दल आभार मानले आणि ट्रेलर जोडायला गेला. एकट्याला जोडता येईना तेव्हा मीच हात दिला.

दगडावर माझं नाव घालायला सांग.

तुझी,
वर्ना


बेन्सन
२७ जून २०१४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू केलंस ते योग्यच केलंस. दगड बसला, छान दिसतो. सोबत विम्याचं पत्र आहे. बाकी टपाल काही नाही.

इथे डास फार झालेत. खात-पीत जा.

तुझी,
मार्लिस


पिन्योन क्रीक
२० जुलै २०१४

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

तुझं तीन आठवड्यांत काही नाही. बरी आहेस ना? रोज दुपारी पाऊस पडतो, म्हणून माणसं येत नाहीत. परवा एक बाई वाट विचारायला थांबली. मी तिला इतकं सविस्तर सांगत बसले की शेवटी ती घाबरून निघून गेली.

हे वाचून लगेच दोन ओळी टाक.

तुझी,
वर्ना


बेन्सन
२ ऑगस्ट २०१४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. म्हणजे शरीराने.

सोबत हॉलिसचं एक कार्ड आहे. ते माझ्या घरी तुझ्या नावाने २४ जूनला आलं. तू इकडे येणार असं त्याला सांगितलं होतंस ना, म्हणून. पत्ता त्याने आपल्या पाकिटांवर पाहिलेलाच. मी वाचलं आणि ठेवून दिलं. बाकी टपाल काही नाही असं तुला लिहिलं तेव्हा ते माझ्यासमोर टेबलावर होतं. पुढे पत्र लिहायला बसले की हात चालेना.

ऑर्डेलसाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे, वहिनी. ऑर्डेलला तू हसलेली आवडायचीस. मी लग्न केलं नाही, तुम्हाला मूल झालं नाही. तो गेल्यावर जगात माझं म्हणून एक नातं उरलं ते तुझं, आणि तेही त्याच्यामुळे. तू दुसऱ्या कुणाची झालीस तर मी तुझी कोण? जिच्या पत्त्यावर टपाल येतं ती बाई? या विचाराने माझी झोप उडाली होती.

माफ कर असं लिहायची लाज वाटते. कार्डावरची तारीख गेली आहे, ते मला दिसतंय.

मार्लिस


पिन्योन क्रीक
२१ ऑगस्ट २०१४

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

तू वाचलंच आहेस, तरी त्याचं कार्ड मी त्याच्याच शब्दांत पुन्हा लिहिते. अ‍ॅरिझोनात डोंगरावर एक फुकटची जागा आहे, झाड आहे, झरा आहे. पाच जुलैपर्यंत मी तिथे आहे, नंतर आसपासच. खालच्या गावच्या पोस्टात माझ्या नावाने दोन ओळी टाकल्यास तर मी तुझी वाट बघेन. एवढंच. त्याचं अक्षर लहान मुलासारखं आहे.

रेंजरकडून दोन दिवसांची रजा घेतली आणि गाडी काढली. एवढा घाट मी आजवर एकटीने चढले नव्हते. त्या गावच्या पोस्टातल्या मुलीला विचारलं. लंगडणारे आजोबा तिच्या चांगले लक्षात होते. जुलैभर दर सोमवारी येऊन वर्नाचं काही आलंय का विचारायचे. शेवटच्या सोमवारी म्हणाले की आता विचारणार नाही. पुढचा पत्ता काही दिला नाही.

वर जाऊन जागा पाहिली. झऱ्याजवळ एक तरुण जोडपं तंबू ठोकत होतं. मी तिथेच गाडी लावली, रात्र काढली आणि सकाळी परत आले.

तुझा राग आला. घाटात तर इतका आला की गाडी बाजूला घ्यावी लागली. पण त्याला जा म्हणणारी मीच होते, तू नव्हतीस. तुझं पत्र नसतं आलं तरी मी कदाचित तेच केलं असतं. मला भीती वाटत होती.

आणि तू विचारतेस, तू माझी कोण? अगं वेडे, हॉलिस निघून गेला हे मला कुणालातरी सांगायचं होतं. परतीच्या चार तासांत सगळी ओळखीची माणसं आठवून पाहिली. एकच नाव आलं. ज्या बाईने ते कार्ड दाबून ठेवलं, तिलाच मी हे लिहिते आहे.

लोभ वाढायला आता थोडे दिवस लागतील. तोवर आहे तेवढा राहू दे.

तुझी वहिनी,
वर्ना